आधी स्वयंपाकघर, मग शाळा

रयत शिक्षण संस्थेची थोरवी सांगताना आपण शाखांचा आकडा पुढे करतो. आकडा मोठाच आहे. शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं मिळून सातशेंच्या वर. पण मला तिच्या वाटचालीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिचा क्रम. १९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कराडजवळच्या काले गावी सत्यशोधक मंडळींच्या साक्षीनं भाऊराव पाटलांनी संस्था स्थापन केली. सुरुवात झाली ती वसतिगृहानं. संस्थेचं पहिलं हायस्कूल निघायला पुढं तब्बल एकवीस वर्षं गेली.

हे उलटं वाटेल, पण त्या काळच्या खेड्यातल्या पोराच्या जागी उभं राहून पाहिलं की पटतं. गावची शाळा चार इयत्तांवर संपायची. पुढं शिकायचं तर साताऱ्याला यायचं. नादारी मिळून फी माफ झाली, तरी राहायचं कुठं आणि दोन वेळचं खायचं काय? पोराची हुशारी अडायची ती तिथं. अस्पृश्य मानलेल्या घरातला मुलगा असेल तर त्याला भाड्यानंसुद्धा कोणी खोली देत नसे.

भाऊरावांना हे स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं. १८८७ साली कुंभोजला जन्मलेला हा जैन शेतकरी घराण्यातला मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकला. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी करून बहुजनांच्या मुलांना शहराची दारं उघडली होती. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या समारंभाला भाऊराव गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांचं बोर्डिंग सुटलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. निवारा मिळाला तरी भिंती उरतात, हे त्यांना कळलं ते तेव्हाच, असं मला वाटतं.

म्हणून १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग निघालं ते सगळ्यांचं मिळून. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्यांच्या मुलांची पंगत एक आणि चूलही एक. स्वयंपाकाची पाळी मुलांचीच. भाकरी थापायच्या, भांडी घासायची, पाणी भरायचं, अंगण झाडायचं, आणि मग अभ्यासाला बसायचं. ज्याच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं त्यानं वाढलेलं ताट रोज सकाळ-संध्याकाळ पुढ्यात येई. जातिभेदावर व्याख्यान देऊन जे जमलं नसतं ते इथं महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडे. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं.

या चुलीमागं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई या सगळ्या पोरांची आई झाली. धान्य संपलं, भाऊराव बाहेरगावी, आणि मुलं जेवायची थांबलेली. अशा वेळी त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांना त्यागमूर्ती म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. पैसा उभा करणं आणि घर चालवणं ही संस्थेची दोन्ही कामं त्यांनी केली होती. त्यांना संस्थापकांतच धरायला हवं.

पुढचं पाऊल पडलं तेही मुलाची वाट जिथं अडत होती तिथंच. बोर्डिंगला मुलं यायची तर आधी गावात शाळा हवी, आणि शाळा चालायची तर खेड्यात मनापासून राहणारा मास्तर हवा. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं, तिथं असे शिक्षक घडू लागले. मग डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा उघडल्या. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ हे ब्रीद तिथं कुदळ-फावड्यानं शेतात राबून खरं केलं गेलं. मुलाला फुकट दिल्याचं ओझं वाटू नये, ही त्यामागची जाण. १९४८ नंतर सरकारशी बिनसलं, अनुदान थांबलं. लोक आणि गाडगेबाबा पाठीशी उभे राहिले म्हणून संस्था तरली. भाऊराव ९ मे १९५९ ला गेले.

त्या बोर्डिंगातून निघालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी नावं घेतली की ‘जात्याच हुशार होता’ असं म्हणून आपण मोकळे होतो. हुशार असणारच. पण तितकीच हुशार किती पोरं भाकरीअभावी नांगराला जुंपली गेली, त्यांची नोंद कुठं आहे?

साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, याचा आनंद आहेच. पण आज माणदेशातली मुलगी पुण्यात शिकायला येते तेव्हा प्रवेशापेक्षा तिच्या वडिलांना घोर लागतो तो कॉट आणि मेसच्या पैशांचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाला स्वाधार योजना काढावी लागली, ती यासाठीच. प्रत्येक शिक्षणसंस्थेनं नवी इमारत बांधण्याआधी आपल्या वर्गातली किती मुलं या कारणानं गळाली ते मोजावं, आणि तेवढ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय आधी करावी.