डोक्यातली जखम, कागदावरचा ‘नाना’ आणि शंकेचा फायदा

आजची पोस्ट जरा मोठी आहे. पण आपल्या भागात घरटी फौजी असलेली गावं आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा. आणि कुणाच्या घरात पेन्शनची फाइल धूळ खात पडली असेल तर त्याला नक्की पाठवा.

दुखणं घेऊन फौजेतून घरी आलेल्या माणसाच्या कागदात पुष्कळदा चार इंग्रजी अक्षरं सापडतात. एन, ए, एन, ए. एकत्र वाचलं की ‘नाना’! अर्थ असा की हे दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. हा नाना एकदा कागदावर बसला की अपंगत्व पेन्शन अडली म्हणून समजा.

पाय गेला तर तो दिसतो. डोक्याला बसलेला मार दिसत नाही. फिट येतात, विसरायला होतं, झोप उडते, साध्या गोष्टीवरून माणूस भडकतो. घरचे सांगतात, ‘भरती झाला तेव्हा हा असा नव्हता.’ खरंय. पण ते सिद्ध कुणी करायचं? जवानानं की सरकारनं? सगळं भांडण या एका प्रश्नावर आहे, आणि ते शंभर वर्षं जुनं आहे.

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेले ब्रिटिश सैनिक थरथरायला लागले, मुके झाले, काहींना चालता येईना. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये यावर लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. मग लष्करानं त्याचे दोन भाग पाडले. शत्रूचा गोळा जवळ फुटून झालं असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. तसं नसेल तर ‘एस’, म्हणजे आजारी. ‘डब्ल्यू’वाल्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. ‘एस’वाल्याला दोन्ही नाही. माणूस तसाच, थरथर तीच, फरक फक्त एका अक्षराचा. १९२२ मध्ये तिथल्या सरकारी समितीनं ‘शेल शॉक’ हा शब्दच वापरू नका असं सुचवलं. शब्द काढता येतो, दुखणं थोडंच जातं?

आपल्याकडचे मराठा पलटणींचे जवान तेव्हा मेसोपोटेमियात होते. कुतच्या वेढ्यात अडकलेल्यांत मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ ला ती फौज शरण गेली. आपल्या कितीतरी गावांत अजून त्या काळच्या पाट्या आहेत. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यातले इतके कामी आले. जे परत आले पण पहिल्यासारखे राहिले नाहीत, त्यांचा आकडा मात्र त्या पाटीवर नाही.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात यावरून पुन्हा ओरड झाली. शेवटी १९४३ मध्ये नियम बदलला. पुराव्याचं ओझं सैनिकावर नाही, आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला. १९४७ मध्ये ‘मिलर’ खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी ‘वाजवी शंका’ म्हणजे काय ते उलगडून सांगितलं. आपल्याकडचे वकील तो निकाल आजही फौजदारी खटल्यांत सांगतात. पण मुळात तो एका कॅप्टनच्या विधवेच्या पेन्शनचा खटला होता, हे फार जणांना माहीत नसतं.

हाच विचार आपल्या १९८२ च्या नियमावलीत आला. नियम ९ म्हणतो, दावेदाराला हक्क सिद्ध करायला लावायचं नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि रणक्षेत्रातल्या सेवेत तो जास्त सढळपणे द्यायचा. नियम १४ म्हणतो, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि त्याच आजारानं घरी पाठवलं असेल, तर तो नोकरीत झाला असं धरायचं. तसं नसेल तर वैद्यकीय मंडळानं कारणं द्यायची.

नियम इतका स्पष्ट. मग अडलं कुठं? अंमलबजावणीत. सिग्नल कोरमधला एक जवान १९८५ ला भरती झाला. फिट येतात म्हणून १९९४ ला त्याला २० टक्के अपंगत्व दाखवून घरी पाठवलं, आणि शेरा तोच, नाना. भरतीच्या कागदात आजाराची नोंद नाही, मंडळाच्या मतात कारण नाही. हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूनं निकाल दिला, खंडपीठानं तो फिरवला. शेवटी २ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पेन्शन मंजूर केली. ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ हे त्या खटल्याचं नाव, लिहून ठेवा. घरी पाठवल्यापासून निकालापर्यंत १९ वर्षं गेली.

२०१४ मध्ये ‘सुखविंदर सिंग’ निकालात कोर्टानं हेच तत्त्व आणखी पक्कं केलं. त्याआधी २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं होतं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. म्हणजे दिल्लीच गाठायला पाहिजे असं नाही.

अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानच्या स्फोटांनंतर हाच प्रश्न उभा राहिला. तिथं २००८ मध्ये मेंदूच्या दुखापतीचं मोजमाप बदललं. डिसेंबर २०१३ मध्ये आणखी एक नियम आला. नोकरीत डोक्याला मार बसलेल्याला पुढं ठरावीक परिस्थितीत फिट, नैराश्य, पार्किन्सनसारखी लक्षणं किंवा स्मृतिभ्रंश झाला, तर तो त्या माराचाच परिणाम धरायचा. दर वेळी नव्यानं भांडायला नको.

दुसरी बाजूही सांगतो. सुट्टीवर असताना मोटारसायकलवरून पडला तर ‘मी नोकरीत होतो’ एवढं पुरत नाही, नोकरीशी संबंध दाखवावा लागतो, असं कोर्टांनी सांगितलंय. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असंही सैन्यदलांच्या बाजूनं मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये नवे नियम आले. गैरफायदा घेणाऱ्याला जरूर पकडा. पण त्याच्यापायी खऱ्या दुखणेकऱ्याला १९ वर्षं फिरवणं हा कुठला न्याय?

आता कामाचं. फाइलमध्ये चार कागद बघा. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, हॉस्पिटलचे केसपेपर, अपघात असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आणि शेवटच्या मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत. नसेल तर माहिती अधिकारात मागा. बोर्डाच्या मताखाली कारण लिहिलंय का, हे आधी तपासा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि उशीर करू नका, कारण दावा उशिरा केला तर मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये सांगितलंय.

भरतीच्या दिवशी सरकारनंच या पोराला धडधाकट ठरवून घेतलं होतं. परत पाठवताना तो तसा नसेल, तर मधल्या वर्षांत काय झालं याचं उत्तर सरकारनंच द्यायला पाहिजे. त्याच्या बायकोनं कचेरीचे उंबरे झिजवून नव्हे.

तुमच्या गावात असा कुणी आहे का? नाव जाहीर लिहू नका, मला मेसेज करा.