पुराच्या पाण्यातून चाललात? डॉक्सीसायक्लीन घेण्याआधी हे वाचा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की काय होतं, हे कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिलंय. पाणी ओसरलं तरी लेप्टोचा धोका उरतोच. उंदीर-गुरांच्या लघवीतले जंतू चिखलातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. त्यासाठी डॉक्टर अनेकदा डॉक्सीसायक्लीन देतात.

खरी चूक होते ती गिळताना. घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं, तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडू शकतो. म्हणून ग्लासभर पाणी प्या आणि किमान अर्धा तास झोपू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. पण गंगावेशच्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधासोबत नको, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. ॲसिडिटीच्या आणि लोहाच्या गोळ्यांतही दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. या काळात उन्हाने त्वचा लवकर भाजते.

गरोदर महिला आणि ८ वर्षांखालील मुलांना ही गोळी सहसा देत नाहीत, त्यामुळे शेजारच्यांची उरलेली स्ट्रिप मागून आणू नका. अंगावर पुरळ, गिळताना छातीत दुखणं किंवा डोकेदुखीसोबत धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि गोळी घेतलेली असली तरी ताप आल्यास तपासणी कराच.