सशाच्या मापाचे औषध

इन्सुलिनच्या बाटलीवर 'युनिट' लिहिलेले असते. मी रोज सकाळी बोट टोचून साखर पाहणाऱ्यांपैकी, म्हणून त्या शब्दाच्या मागे लागलो. ते माप आले सशाकडून!

1922च्या जानेवारीत टोरांटोला जेम्स कॉलिप इन्सुलिनच्या अर्काची ताकद सशांवर पाहत. अर्क जास्त झाला की ससा आचके देई, ग्लुकोज टोचले की सावरे. 23 जानेवारीला हा शुद्ध केलेला अर्क मरणाच्या दारातल्या 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला दिला. त्याची साखर 520 वरून 120 वर आली. दोन किलोच्या उपाशी सशाची साखर 45 पर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे युनिट, असे मग ठरले. 1923 मध्ये त्याचा तिसरा हिस्सा युनिट झाला.

गंमत अशी, ससा ज्या 45 वर तडफडतो तिथे गाय निवांत रवंथ करते. तिची साखर 45 ते 75, आपली उपाशीपोटी 70 ते 100, उंदराची बहुधा त्याहून जास्त. वाटते, जनावर मोठे तेवढी साखर कमी. पण शेळीही गाईच्याच पंगतीला, आणि ती तर आपल्याहून लहान! कारण पोटात आहे. तिथले जंतू चाऱ्यातली साखर आधीच फस्त करून आम्ले बनवतात, त्यांतून यकृत पुन्हा साखर घडवते.

आकाराने ठरतो तो वेग. लहान प्राणी किलोमागे जास्त ऊर्जा जाळतो, हे मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये मांडले. एका रात्रीच्या उपासात उंदराच्या यकृतातला साठा जवळजवळ संपतो. आपण त्याच उपासात घोरत असतो.