अँटेनाच्या वाटेने आलेला खेळ आणि खाडीकाठची काच

मंडळी, गेल्या रविवारी भाच्याने हाक मारली. "मामा, नवीन टीव्हीला कॉम्प्युटर जोडून दे ना, गेम खेळायचाय." ५५ इंची टीव्ही, बाजूला त्याचा सीपीयू, मध्ये एचडीएमआय केबल. दोन मिनिटांचं काम म्हणून बसलो आणि तासभर अडकलो. चित्र आलं, पण खालची पट्टी अर्धी कापलेली. त्यात बटण दाबलं की पडद्यावरचा गडी जरा उशिरानेच उडी मारायचा. पोरगं वैतागलं. मला मात्र हसू आलं, कारण ती कापलेली कड म्हणजे आमच्या काळातल्या डब्बा टीव्हीचं भूत होतं.

ही गोष्ट जरा मागून सांगावी लागेल.

१९७२ साल. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीने 'ओडिसी' नावाचा डबा विकायला काढला, घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा जगातला पहिला गेम. त्याची कल्पना राल्फ बेअर या इंजिनिअरची. नाझींच्या जाचामुळे लहानपणीच जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेला हा माणूस लष्करी कामं करणाऱ्या कंपनीत होता. १९६६ मध्ये त्याने साधा प्रश्न विचारला : घरोघर टीव्ही आहेत, त्यांचा फक्त बघण्याशिवाय दुसरा काही उपयोग नाही का?

अडचण एकच होती. टीव्हीला आत शिरायला दारच एक, अँटेनाचं. म्हणून बेअरच्या डब्याने टीव्हीला चक्क फसवलं. मी एक चॅनल आहे, असं सोंग घेऊन तो अँटेनाच्या जागी जोडला जायचा. आवाज नाही, रंग नाही. पडद्यावर प्लास्टिकचं रंगीत चित्र चिकटवायचं आणि त्यामागे पांढरे ठिपके हलवायचे.

घरगुती कॉम्प्युटरनेही हीच वाट धरली. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम वेगळा मॉनिटर मागायचाच नाही. घरचा टीव्ही आणि गाण्यांचा टेपरेकॉर्डर, झालं काम. गेम कॅसेटमध्ये असायचा. चरचर आवाज करत काही मिनिटं लोड व्हायचा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने हे यंत्र १९८६ पासून परवाना घेऊन भारतातही विकलं. म्हणजे आज भाच्याला जे नवीन वाटतंय, ते चाळीस वर्षं जुनं आहे. कॉम्प्युटर आधी टीव्हीलाच जोडला जायचा, स्वतंत्र मॉनिटर ही नंतरची चैन.

आमच्या वरसाव्यात यातलं काही पोचलं नव्हतं. १९९० मध्ये आपली ग्रामपंचायत मिरा-भाईंदर नगरपालिकेत गेली, महानगरपालिका व्हायला २००२ उजाडलं. तेव्हा हायवेवर ट्रक, मागे डोंगर, पुढे खाडी आणि आळीत मोजके टीव्ही. अँटेनाचं तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे, म्हणजे दक्षिणेला. वारा आला की एकाने कौलावर चढायचं आणि खालून ओरडायचं, "आलं आलं... गेलं!"

मग कॅसेटवाला टीव्ही गेम आला. पिवळी कॅसेट, त्यावर लिहिलेलं '९९९९९९ इन १' आणि आत खरे गेम दहा-बारा. आमच्या घरी पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची आणि चॅनलचं बटण हळूहळू फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. एका पडद्यासमोर आम्ही आठ-नऊ पोरं, रिमोट दोन. मेला की पुढच्याला द्यायचा. भांडणं व्हायची, पण नंबर लावणं आम्ही तिथेच शिकलो.

आता त्या कापलेल्या कडेकडे येतो. जुन्या काचेच्या नळीत चित्राची कड नीट बसायची नाही, व्होल्टेज कमीजास्त झालं की चित्र आक्रसायचं. म्हणून चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा थोडं मोठं टाकायचे आणि कडा चौकटीआड लपवायचे. नळी गेली, सवय राहिली. आजचे बरेच टीव्ही कॉम्प्युटरचं चित्रही तसंच ताणतात. उपाय सोपा आहे. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा, नाहीतर त्या एचडीएमआयला 'पीसी' नाव द्या.

उशीर होतो तो टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो म्हणून. 'गेम मोड' चालू करा. आणि सीपीयूला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टला लावा, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. भाच्याने नेमकं तेच केलं होतं. जुन्या कॉम्प्युटरला फक्त निळी व्हीजीए वायर असेल तर आवाजाची वायर वेगळी टाकावी लागते. व्हीजीए १९८७ ची, ती फक्त चित्र नेते. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं एचडीएमआय २००२ च्या अखेरीस ठरलं.

एवढं सगळं लिहिलं ते खरं तर पुढच्या गोष्टीसाठी.

भाच्याचा टीव्ही जोडून झाला आणि बहिणीने विचारलं, "जुन्याचं काय करू?" मी गप्प झालो. कारण आमचा जुना टीव्ही मीच भंगारवाल्याला दिला होता, फुटकळ पैशात. काही दिवसांनी खाडीकडे फिरायला गेलो तेव्हा तशाच नळ्यांच्या काचा पडलेल्या दिसल्या. आतली तांब्याची तार काढून घेतलेली, बाकी तिथेच. त्यातली एखादी आमची असेलही. त्या काचेत शिसं असतं, मोठ्या नळीत तर किलोच्या हिशेबात. त्याच खाडीत आपली माणसं अजून जाळं टाकतात.

३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठे पडदे घरोघर येणार, यायलाही हवेत. पण प्रत्येक नव्यामागे एक जुना बाहेर पडणार. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम कागदावर आहेत, आपल्या आळीपर्यंत कोण आणणार?

माझं म्हणणं एवढंच. दिवाळीआधीच्या एका रविवारी गावात ई-कचरा गोळा करायचा दिवस ठरवू. महानगरपालिकेला लेखी अर्ज देऊ, अधिकृत रिसायकल करणाऱ्याची गाडी मागवू. अर्जाचा मसुदा मी लिहितो. सह्या तुमच्या हव्यात.

आणि पोरांनो, टीव्हीला कॉम्प्युटर जोडलाच आहे तर शेजारच्यांनाही बोलवा. दोन रिमोट असले की नंबर लावता येतो.

ज्यांच्या माळ्यावर जुना डब्बा टीव्ही पडलाय त्यांनी खाली नुसतं 'आहे' लिहा. मोजायला सुरुवात तिथूनच करू.

#वरसावे #घोडबंदर #मिराभाईंदर