दिसतं बटणासारखं, पण ते खरंच बटण आहे का?

वेब डिझाइन शिकायला लागलं की सुरुवातीच्या धड्यांतच एक बटण बनवलं जातं. निळा रंग, गोलसर कोपरे, माउस वर नेला की गडद होणारी छटा. क्लिक केलं की फॉर्म पुढे जातो. पण हेच बटण बँकेच्या फॉर्मवर असेल आणि समोरची व्यक्ती दृष्टिहीन असेल, तर तिचं काम तिथेच अडकू शकतं.

हा केवळ सोयीचा मुद्दा नाही. ई-केवायसी करताना येणाऱ्या अडचणींबाबत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी आणि एका दृष्टिहीन व्यक्तीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केलं.

नेमकं चुकतं कुठे?

एचटीएमएलमध्ये बटणासाठी 'बटन' हा तयार टॅग आहे. तरी अनेक नवशिके 'डिव्ह' म्हणजे साधा रिकामा चौकोन घेतात आणि सीएसएसने त्याला बटणाचं रूप देतात. ब्राउझरचं मूळ करडं बटण त्यांना ओबडधोबड वाटतं. (खरं तर तेही हवं तसं रंगवता येतं.)

फरक पडतो तो न दिसणाऱ्या गोष्टींत. खऱ्या बटणापर्यंत टॅब कीने पोचता येतं, एंटर किंवा स्पेसने ते दाबता येतं. एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारखे स्क्रीन रीडर ते 'पुढे जा, बटण' असं वाचतात. नुसत्या डिव्हवर फक्त 'पुढे जा' ऐकू येतं. ते दाबायचं आहे, हे कळणार कसं? हात थरथरतो म्हणून केवळ कीबोर्ड वापरणाऱ्याला तर तिथे पोचताच येत नाही. जावास्क्रिप्टची ठिगळं लावून डिव्हला हे सगळं शिकवता येतं, पण जे फुकट मिळतंय त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

सजावटीत काय सांभाळायचं?

टॅबने बटणावर आलं की भोवती एक चौकट उमटते. दिसायला बरी नाही म्हणून 'आउटलाइन: नन' लिहून ती सर्रास काढली जाते. मग कीबोर्ड वापरणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत, हेच समजत नाही. 'फोकस-व्हिजिबल' वापरून चौकट आपल्या डिझाइनला शोभेल अशी करता येते.

रंगांचंही गणित आहे. 'डब्ल्यूसीएजी' या जागतिक निकषांनुसार साधारण आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा रंग ४.४८ वर थांबतो, म्हणजे थोडक्यात नापास. #७६७६७६ मात्र पास होतो.

मराठी पानांसाठी आणखी दोन गोष्टी. ओळीची उंची फार कमी ठेवली तर वेलांट्या आणि उकार कापले जाऊ शकतात. आणि एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग'ची किंमत 'एमआर' दिली, तर मराठी आवाज उपलब्ध असताना स्क्रीन रीडर तोच निवडू शकतो. तिथे इंग्रजीचा कोड तसाच राहिला, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जाऊ शकतो.