झाडाच्या पोटात औषधाचं काय होतं? बिनविषारी वाटणारं रसायन झाडामुळे घातक बनू शकतं का?

सांगलीच्या विश्रामबागेतून कुठल्याही दिशेला थोडं बाहेर पडलं की ऊस आणि मका दिसतो. दोन्ही पिकांत तण उगवू नये म्हणून ॲट्राझिन हे तणनाशक मारलं जातं. त्यानं तण मरतं, पण ऊस आणि मका उभा राहतो. असं का होतं? याच्या उत्तरातच झाडांच्या एका विलक्षण क्षमतेचं आणि तिच्या धोक्याचंही रहस्य आहे.

झाडाचं 'हिरवं यकृत'

माणसाच्या शरीरात आलेलं परकं रसायन यकृत मोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकलं जातं. झाडाला अशी सोय नाही. त्यामुळे ते तीन टप्प्यांत काम करतं:

- आधी एन्झाइम्स रसायनाच्या रेणूत बदल करतात.
- मग त्याला साखर किंवा ग्लुटाथायोन जोडलं जातं.
- शेवटी तयार झालेला पदार्थ पेशीतल्या कप्प्यात किंवा पेशीभित्तिकेत साठवला जातो.

मका ॲट्राझिनला ग्लुटाथायोन जोडून निकामी करतो. बऱ्याच तणांना हे तितक्या वेगानं जमत नाही, म्हणून ती मरतात. ही पद्धत यकृताच्या कामासारखी असल्यानं शास्त्रज्ञ झाडांना 'हिरवं यकृत' म्हणतात.

मग अडचण कुठे आहे?

रेणू बदलला म्हणजे तो निरुपद्रवी झाला, असं नेहमीच नसतं. काही वेळा मूळ रसायन डीएनएला धक्का लावत नाही, पण झाडानं बदललेलं रूप लावतं. डीएनएमधल्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणजेच म्युटेशन म्हणतात. आधी निष्क्रिय असलेल्या आणि बदलानंतर म्युटेशन घडवणाऱ्या रसायनांना 'प्रोम्युटाजेन' म्हणतात.

याचं पक्कं उदाहरण म्हणजे सोडियम अझाइड. नव्या जाती तयार करण्यासाठी संशोधक बार्लीचं बियाणं या रसायनात भिजवतात. त्यातून भरपूर म्युटेशन्स होतात, पण ती थेट अझाइडमुळे नाहीत. बार्लीतलं एक एन्झाइम अझाइडपासून अझिडोॲलॅनिन हा पदार्थ बनवतं आणि पुढचं काम त्याच्यामुळे होतं. प्राण्यांच्या पेशींत अझाइडचा असा परिणाम फारसा दिसत नाही. तरीही अझाइड स्वतः अत्यंत विषारी आहे, हे विसरू नये.

ॲट्राझिनचं काय?

1976 मध्ये अमेरिकेतले संशोधक मायकेल प्लेवा आणि जेम्स जेंटाइल यांनी ॲट्राझिन दिलेल्या मक्याचा अर्क सूक्ष्मजीवांवर तपासला. अर्कामुळे त्यांच्या जनुकांत बदल दिसले. झाडातल्या प्रक्रियेतून नवा धोका तयार होऊ शकतो, हे या प्रयोगानं पुढे आणलं.

त्या काळात लोकप्रिय झालेल्या एम्स चाचणीत रसायनाला उंदराच्या यकृताच्या अर्काबरोबर तपासतात. पण जो बदल फक्त झाडातच घडतो, तो या चाचणीत दिसत नाही. म्हणून वनस्पतींच्या पेशी वापरून वेगळ्या चाचण्या विकसित झाल्या.

युरोपीय संघानं 2004 मध्ये ॲट्राझिनला परवानगी नाकारली, पण तिथं मुख्य कारण भूजलात उतरणारे अंश हे होतं.

म्हणजे भाजी खाणं सोडायचं?

नाही. 'फवारलेलं खाल्लं की कॅन्सर' असा फॉरवर्ड या संशोधनातून सिद्ध होत नाही. सूक्ष्मजीवांत दिसलेला परिणाम माणसात तसाच होईल असं नसतं. पदार्थ किती प्रमाणात तयार होतो, खाण्याच्या भागात पोचतो का आणि पोटात त्याचं काय होतं, यावर सगळं ठरतं. बहुतेक वेळा झाडातली प्रक्रिया विष कमीच करते.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, फळं-भाज्या धुतल्यानं वरचा अंश कमी होतो, आत तयार झालेला पदार्थ धुतला जात नाही. दोन, प्रयोगशाळेच्या अहवालात 'अंश आढळला नाही' लिहिलं असेल, तर ज्या रेणूंचा शोध घेतला तेच आढळले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. झाडानं बदललेलं रूप त्या यादीत नसेल, तर ते सापडणारही नाही.

त्यामुळे खरी खबरदारी शेतातच घ्यावी लागते: लेबलवर दिलेल्या पिकालाच औषध मारणं, मात्रा न वाढवणं आणि फवारणी व काढणी यांमधले सांगितलेले दिवस पाळणं. झाडाला रसायन पचवायला वेळ लागतो. तो वेळ न देता माल बाजारात आणला, तर अर्धवट राहिलेली प्रक्रिया ग्राहकाच्या ताटापर्यंत येते.