लंडनच्या रौप्यकारांची उमेदवारी

इंग्लंडच्या राजसत्तेने चांदीच्या शुद्धतेवर जितकी कडक नजर ठेवली, तितकी ती घडवणाऱ्या हाताच्या कौशल्यावर ठेवली नाही. पहिल्या एडवर्डच्या १३०० सालच्या कायद्याने हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, म्हणजे ‘स्टर्लिंग’ हा कस बंधनकारक केला आणि त्या कसाला उतरलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाची मुद्रा उमटवण्याची आज्ञा दिली. १३२७ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीला, म्हणजे सोनार व रौप्यकार यांच्या श्रेणीला, राजाची सनद मिळाली. १४७८ पासून तिच्या सभागृहात कायमचा तपासनीस बसू लागला आणि मुद्रांमध्ये वर्षदर्शक अक्षराची भर पडली. या मुद्रांवरून धातूचा कस, घडवणारा आणि साल कळते. ती वस्तू सुबक आहे की बेढब, याविषयी मात्र त्या मौन पाळतात.

हाताची जबाबदारी उमेदवारीच्या करारावर होती. साधारण चौदाव्या वर्षी मुलगा उस्तादाकडे किमान सात वर्षांसाठी बांधला जाई. उस्तादाने त्याला अन्न, निवारा आणि विद्या द्यायची, तर मुलाने धंद्याची गुपिते राखायची आणि मुदत संपेपर्यंत लग्न करायचे नाही, अशा अटी असत. सपाट पत्रा ऐरणीवर फिरवत ठोकून एकसंध, बिनसांध्याचे भांडे उठवणे ही त्या शिक्षणातली पायाभूत क्रिया होती. ठोकल्याने चांदी कडक होते आणि तशीच ठोकत राहिल्यास तडकते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर ती तापवून मऊ करावी लागते; हा ताव पुरेसा झाला की नाही, हे अंधाऱ्या कोपऱ्यात धातूवर चढणाऱ्या मंद लालीवरून ओळखायचे असल्यामुळे ते सांगून शिकवता येत नसे, शेजारी उभे राहून पाहावेच लागे. त्यापुढे भांडे मठारणे, डाख लावून दांडा व तोटी जोडणे, आणि राळेवर पत्रा बसवून नक्षी उठवणे ही कामे येत.

पॉल द लामेरी हा धर्मछळामुळे फ्रान्स सोडावा लागलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, कुटुंबातला मुलगा १७०३ मध्ये प्येर प्लातेल या रौप्यकाराकडे बांधला गेला आणि पुढे अठराव्या शतकातला लंडनचा सर्वांत नावाजलेला रौप्यकार ठरला. हाच लामेरी वस्तू तपासणीला न आणताच विकतो, अशी तक्रार कंपनीपुढे आली होती, हे विशेष. स्त्रियांचा या धंद्यातला मार्ग बहुधा वैधव्यातून जाई. हेस्टर बेटमन हिने नवऱ्याच्या मृत्यूनंतर १७६१ मध्ये स्वतःची मुद्रा नोंदवली; तिला लिहिता येत नव्हते, पण कार्यशाळा तिने उत्तम चालवली.

शेफील्डच्या टॉमस बोलसोव्हरने १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा पत्रा सांधण्याची रीत शोधली आणि एल्किंग्टन या कारखानदारांनी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. या दोहोंच्या दरम्यान, १८१४ मध्ये, १५६३ च्या कायद्यातील सात वर्षांच्या उमेदवारीची सक्ती रद्द झाली. कसाचा कायदा मात्र टिकला. राज्याला काय मोलाचे वाटत होते, ते यावरून पुरेसे स्पष्ट होते.

स्वस्त मुलाम्याच्या वस्तू आणि सुटलेली सक्ती यांमुळे हस्तकौशल्याची जी पडझड झाली, तिला उत्तर म्हणून सी. आर. अ‍ॅशबी या वास्तुरचनाकाराने १८८८ मध्ये पूर्व लंडनमध्ये ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ ही कारागिरांची संस्था काढली आणि तिच्यातील धातुकारांसाठी इटालियन सोनार चेलिनी याच्या सोळाव्या शतकातील सोनारकामाच्या ग्रंथांचा इंग्रजी अनुवाद १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ उपयोगी होताच; पण हात तयार झाले ते कारागिरांच्या बाकावर. १९०२ मध्ये संस्था चिपिंग कॅम्डन या गावी गेली आणि यंत्रोत्पादनाच्या किमतींपुढे १९०८ मध्ये बुडाली. आर्थिकदृष्ट्या हा प्रयोग फसला, विद्येच्या दृष्टीने नाही, कारण संस्थेतील जॉर्ज हार्ट हा रौप्यकार त्याच गावात राहिला आणि त्याच्या वंशजांची कार्यशाळा तिथल्या जुन्या रेशीम गिरणीत अद्याप चालू आहे.